थर्मोस्टॅट बदलला तरी गाडी तापतेच? आधी हे बघा

गाडी तापली म्हणून थर्मोस्टॅट बदलला, आठ-पंधरा दिवस बरे गेले आणि काटा पुन्हा वर. किंवा याच्याही पुढचा प्रकार: मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढूनच टाकला, शहरात गाडी थंडगार राहिली आणि ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात बॉनेटमधून वाफ. उन्हाळा लागला की इंदूरात या दोन्ही तक्रारी हमखास ऐकू येतात. दोन्हींत गोष्ट बहुधा एकच घडलेली असते. गाडी नेमकी केव्हा तापते, हे कुणी विचारलेलंच नसतं.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झालं की रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणारा वॉल्व. तो घरी बदलता येतो. पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत दोन किंवा तीन बोल्टांचंच काम आहे, आणि त्याची पद्धत खाली दिलीच आहे. पण त्याआधीचा भाग सोडून थेट पाना हातात घेऊ नका. तापणाऱ्या दहा गाड्यांत दोष रेडिएटरच्या कॅपचा, पंख्याचा किंवा क्षार धरलेल्या रेडिएटरचा निघायची शक्यता थर्मोस्टॅटपेक्षा कमी नसते, आणि या तिन्ही गोष्टी तपासायला जवळजवळ काही खर्च येत नाही.

तापते म्हणजे किती?

आजकाल बऱ्याच छोट्या गाड्यांना तापमानाचा काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि फार तापलं की लाल. मधलं काही कळायची सोय नाही, आणि लाल दिवा लागतो तेव्हा सावध व्हायची वेळ टळून गेलेली असते. म्हणून आधी एक ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं, ब्लूटूथ डोंगल घ्या. काहीशे रुपयांत मिळतं, स्टीयरिंगखालच्या प्लगमध्ये बसतं आणि फोनवर कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान आकड्यांत दाखवतं. साधारण २०१३ नंतरच्या गाडीत ते चालायला हरकत नाही. कोविडात घेतलेली कपाळ मोजायची बंदूक मात्र इथे कामाची नाही, ती बहुतेक ४३ अंशांच्या पुढे मोजतच नाही.

इंजिन नीट गरम झाल्यावर आकडा ८५ ते १०० च्या दरम्यान खाली-वर होत राहतो. पंखा सहसा ९५-१०० च्या आसपास सुरू होतो आणि पाच-सात अंश उतरले की थांबतो. एवढं होत असेल तर गाडी ठीक आहे, उगाच काळजी करू नका. आकडा १०५ पार करून ११० कडे सरकू लागला आणि पंखा सुरू असूनही उतरेना, तर मात्र काहीतरी बिघडलंय.

आता कॅप. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. एवढा दाब ती आत धरून ठेवते, आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि धड कॅप असेल तर उकळी १२० अंशांच्याही पुढे ढकलली जाते. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे आपल्या घरातल्या पातेल्यात पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे कॅपचं रबर फाटलेलं आणि आत नुसतं नळाचं पाणी असेल, तर काही गाड्यांत पंखा सुरू व्हायच्या आधीच उकळी फुटेल. थर्मोस्टॅट नवा कोरा असला तरी.

कॅप गेल्याची खूण सोपी आहे. गाडी गरम झाली की रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीत पाणी येऊन वर सांडतं, पण रात्रभर थंड झाल्यावर ते परत आत ओढलं जात नाही. सकाळी बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. कधी वरचा रबरी पाइप चपटा होऊन बसलेला दिसतो, कारण आत निर्वात झालं आणि कॅपमधला छोटा वॉल्व उघडला नाही. नवी कॅप त्याच आकड्याची घ्या. “जास्त आकड्याची टाका, जास्त दम धरेल” असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, जास्तीचा दाब जुन्या पाइपांवर आणि प्लॅस्टिकच्या टाकीवर निघतो.

हे सगळं थंड इंजिनावर. गरम असताना कॅप उघडायची नाही, फडकं टाकूनसुद्धा नाही. दाब सुटला की आतलं पाणी त्या क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं.

जाममध्ये तापते, बायपासवर थंड राहते

संध्याकाळी जवाहर मार्गावर अडकलात की आकडा चढतो आणि बायपासला लागलात की उतरतो, तर थर्मोस्टॅटला हात लावू नका. गाडी पळत असताना वारा आपोआप मिळतो, उभी असताना तो पंख्याने द्यावा लागतो. दोष तिथेच आहे.

एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा पंखा फिरायलाच हवा. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर मोटार ठीक आहे आणि संशय तापमानाच्या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर जातो. एसीवरही फिरत नाही, तर आधी फ्यूज बघा, मग रिले (पंख्याला वीज देणारा विजेवर चालणारा स्विच). फ्यूजबॉक्समध्ये तोच नंबर छापलेला हॉर्नचा रिले बहुधा सापडतो. अदलाबदल करून बघायला दोन मिनिटं लागतात. दोन वेगांचे पंखे असतात त्यांत संथ वेगाचा रेझिस्टर जळतो आणि पंखा एकदम शेवटच्या क्षणी जोरात सुरू होतो. गाडी तोवर तापलेली असते.

एक विचित्र प्रकारही होतो. पंख्याची मोटार बाहेर बदलून घेतली आणि वायर उलट जोडली गेली, तर पंखा उलटा फिरतो. आवाज येतो, फिरताना दिसतो, त्यामुळे कुणालाच संशय येत नाही. वर्तमानपत्राचा तुकडा पुढच्या जाळीला लावून बघा. पंखा सुरू असताना तो जाळीला चिकटून राहायला हवा. बाहेर उडाला तर मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

पंखा बरोबर असेल तर रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. माळव्याची काळी धूळ, कापसासारखा फुफाटा, कडुनिंबाची पानं, मेलेले किडे, सगळं तिथे बसलेलं असतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत गावाकडे फेऱ्या असतील तर जास्तच. साध्या नळीने इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी सोडून धुवा. धुलाईवाल्याचं प्रेशर मशीन लावू नका, पातळ फिन आडवे होतात आणि मग हवा जायची ती कायमचीच बंद.

शहरात ठीक, घाटात तापते

हे उलटं लक्षण. बडवाह सोडलं, बलवाडा गेलं, चढ लागला, दुसरा गिअर, एसी सुरू, मे महिन्याची दुपार. निमाडातून माळव्यावर चढताना इंजिन सगळ्यात जास्त उष्णता काढतं आणि वेग कमी असल्याने वारा बेताचा मिळतो. इथे पाणी आतून किती वाहतंय आणि रेडिएटर किती उष्णता बाहेर फेकतोय, याचीच परीक्षा असते. म्हणून संशय तीन-चार ठिकाणी: आतून चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, पाती झिजलेला वॉटर पंप, किंवा आतून पापुद्रा सुटून आवळला जाणारा खालचा पाइप.

घाटात एसी अचानक गरम हवा द्यायला लागला तर तो बिघडला असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत तापमान फार चढलं की कॉम्प्युटर स्वतःच कंप्रेसर बंद करतो. ती पहिली सूचना. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात लावा, काचा खाली घ्या. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. मे महिन्यात अंगावर घेणं नकोसं होतं, पण आकडा उतरतो. नाहीच उतरला तर सुरक्षित जागा बघून थांबा, गाडी बंद करा, बॉनेट उघडा आणि पाऊण तास चहा प्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनिअमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकायला तेवढं पुरतं.

“निकाल दो भिया”

माझ्या मावसकाकांच्या गाडीचं उदाहरण सांगतो, कारण त्यात सगळंच एकत्र होतं.

गाडी दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. तक्रार अशी की डिसेंबर-जानेवारीत हीटर नीट गरम होत नाही, अॅव्हरेज पडलंय, आणि मे महिन्यात घाटात मात्र गाडी उकळते. थंडीत थंड, उन्हाळ्यात गरम. मी विचारलं, “काका, थर्मोस्टॅट कधी बदललाय का?”

“बदलला कशाला, काढूनच टाकलाय. आपल्याकडे काय बर्फ पडतो का? मिस्त्री म्हणाला, निकाल दो भिया, अपने यहाँ इसका कोई काम नहीं.”

हा सल्ला इंदूरात गॅरेजोगॅरेजी मिळतो आणि त्यात थोडं तथ्य वाटतं, म्हणूनच तो टिकलाय. काढून टाकल्यावर शहरात गाडी खरंच थंड राहते. पण थर्मोस्टॅटचं काम बर्फाशी संबंधित नाही. इंजिन लवकर गरम करून ८५-९० च्या पुढे एका पट्ट्यात ठेवणं, हे त्याचं काम. तो नसेल तर थंडीच्या दिवसांत इंजिन साठ-सत्तरच्या पुढे जातच नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ऑइलमधला ओलावा उडून जात नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. ती बघून दुसरा मिस्त्री “हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेली” म्हणतो आणि खर्च पंचवीस हजारांकडे निघतो. ओबीडीमध्ये पी०१२८ असा कोड दिसला तर त्याचा अर्थ हाच असतो: इंजिन पुरेसं गरम होत नाहीये.

आणि घाटात उकळण्याचं काय? पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. गरम झाल्यावर एक चकती रेडिएटरकडची वाट उघडते, त्याच वेळी दुसरी चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परतणारी, वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधूनच जावं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. तापलेल्या पाण्यातला काही भाग रेडिएटरमधून न जाता तसाच गरमागरम इंजिनात परत जातो. शहरात हे कळत नाही, चढावर कळतं.

पण मुळात तो काढायची वेळ का आली? काकांनी सांगितलं, सुरुवातीला गाडी जरा तापायची, म्हणून. रेडिएटरची कॅप उघडून आत बोट घातलं तर नळ्यांच्या तोंडांशी पांढरा, खरखरीत थर. घरामागच्या बोअरिंगच्या नळीने वर्षानुवर्षं पाणी भरलेलं. किटलीच्या तळाशी धरतो तोच क्षार, इथे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत. इंजिन गरम करून लेझर थर्मामीटर रेडिएटरवर फिरवलं तर वरच्या भागात ९० च्या पुढे आणि खालच्या एका कोपऱ्यात पन्नाशीच्या खाली. तो कोपरा बंदच होता, तिथे पाणी पोचतच नव्हतं.

म्हणजे रोग रेडिएटरचा, काढला थर्मोस्टॅट, आणि रोग झाकला गेला. रेडिएटर नवा टाकला, थर्मोस्टॅट परत बसवला, कॅप बदलली, आत धड कूलंट भरलं. त्याच उन्हाळ्यात घाट चढताना आकडा १०० च्या अलीकडेच राहिला. काका अजूनही म्हणतात की मिस्त्री तसा चांगला माणूस आहे. असेलही.

थर्मोस्टॅटच गेलाय, हे कसं ओळखायचं

थंड इंजिन सुरू केलं आणि दहा-पंधरा मिनिटांत, उभ्या गाडीतसुद्धा, आकडा सरळ वर चढत गेला, रेडिएटर मात्र गारच, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. गरम झाल्यावर चकती उघडणारी आतली मेणाची कुपी फुटते, मेण निघून जातं, स्प्रिंग चकतीला बंदच धरून ठेवते. उलट, आकडा सत्तरीच्या आसपासच रेंगाळतो आणि मोकळ्या रस्त्यावर आणखी पडतो, तर तो उघडा अडकलाय.

पाइपांना हात लावून बघता येतं, पण आपल्या गाडीत थर्मोस्टॅट कुठे आहे ते आधी माहीत हवं. वरचा पाइप इंजिनाला जिथे मिळतो तिथे तो असेल, तर सुरुवातीची काही मिनिटं वरचा पाइप गार राहून मग एकाएकी गरम व्हायला हवा. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडाच आहे. पुष्कळ गाड्यांत मात्र तो खालच्या पाइपाच्या टोकाला असतो. तिथे वरचा पाइप आधीपासूनच गरम होतो आणि खरं काय ते खालचा सांगतो. हात लावताना बाही, ओढणी, चेन पंख्यापासून लांब. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात टाकून तपासता येतो. दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर. चकतीवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाच्या दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडे फट दिसायला लागली पाहिजे. पूर्ण उघडायला आणखी बारा-पंधरा अंश लागतात. इथे एक घोटाळा होतो. ८८ चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडायला शंभरी लागते आणि आपलं पाणी ९८ लाच उकळतं. त्यामुळे इंदूरच्या स्वयंपाकघरात तो पूर्ण उघडलेला दिसणारच नाही. तेवढ्यावरून तो फेकून देऊ नका. बरोबर तापमानाला उघडायला लागतो का आणि गार झाल्यावर पूर्ण मिटतो का, एवढं बघा. पातेलं जुनं घ्या. घरातलं रोजचं घेतलंत तर पुढचं तुमचं तुम्ही बघून घ्या.

बदलताना

इंदूरच्या छोटी ग्वालटोलीतल्या दुकानांत गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं की थर्मोस्टॅट मिळतो. सोबत त्याची रबरी रिंग नवी घ्या, कंपनीच्या आकड्याचाच घ्या. “गर्मी के लिए कम डिग्री वाला” म्हणून ७६ चा हातात ठेवतील, तो घेऊ नका. कमी अंशाचा थर्मोस्टॅट लवकर उघडतो, पण उघडल्यानंतर पाणी गार करायची ताकद रेडिएटरचीच असते. ती त्याने वाढत नाही. नव्या गाड्यांत थर्मोस्टॅट प्लॅस्टिकच्या घरासकट एकच भाग म्हणून येतो. तो महाग पडतो, पण त्यातलं नुसतं आतलं बदलायचा खटाटोप करू नका.

गाडी रात्रभर थंड असावी. किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. खाली स्वच्छ टब ठेवून रेडिएटरच्या खालच्या नळातून कूलंट काढा. नळ अडकला असेल तर ओढाताण नको, प्लॅस्टिकचा असतो. त्यापेक्षा खालचा पाइप सोडवा. थर्मोस्टॅटच्या पातळीखाली आलं की पुरे. कूलंट जुनंच झालं असेल तर मात्र सगळं काढा.

पाइपाची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवा. पाइप चिकटलेला असतो. स्क्रूड्रायव्हर खुपसून ओरबाडू नका, हलकेच पिळून सोडवा. मग थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट, सहसा १० च्या पान्याचे. इथे घाई केली तर दिवस वाया जातो. ॲल्युमिनिअममध्ये गंजलेला स्टीलचा बोल्ट जोर लावला की मुंडी तुटून हातात येते. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, आधी किंचित आवळून मग सोडवा, अडला तर परत आवळा, पुन्हा सोडवा.

झाकण निघालं की हात लावायच्या आधी फोनवर फोटो काढा. जुना कसा बसलाय हे नंतर डोक्यात राहत नाही. स्प्रिंगची, म्हणजे कुपीची बाजू इंजिनाकडे. चकतीवर एक बारीक लोंबती पिन असते, ती वर यायला हवी, कारण भरताना अडकलेली हवा तिथूनच निसटते. बसायची जागा प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करा. लोखंडी पात्याने चरा पडला की तिथूनच गळणार. रबरी रिंग असेल तर वर सिलिकॉन लावायचं नाही. मिस्त्री लोक हौसेने लावतात, मग त्याचे दोरे सुटून रेडिएटरच्या नळ्यांत जातात. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. छोट्या बोल्टांना दहा न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही.

नवा टाकल्यावर परत तापली? हवा बघा

“बदलला तरी तापते” यातल्या पुष्कळ गाड्यांत फक्त हवा अडकलेली असते. थर्मोस्टॅटच्या कुपीभोवती पाणी नसेल, हवेचा फुगा असेल, तर तिला गरम झाल्याचं कळतच नाही आणि ती उघडत नाही. नव्या थर्मोस्टॅटला दोष देऊन दुसरा आणला जातो, तोही तसाच वागतो.

भरायला तयार कूलंट घ्या किंवा दाट कूलंटमध्ये तेवढंच बॅटरीचं पाणी मिसळा. बॅटरीचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे, दुकानात नीट सांगा. बोअरिंगचं पाणी अजिबात नाही. नर्मदेचं नळाचं पाणी अडीअडचणीला रस्त्यात चालेल, कायमचं नको. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपन्यांनी आपापल्या मर्जीने दिलेले रंग आहेत. गाडीच्या पुस्तकात कुठला प्रकार लिहिलाय ते बघा आणि दोन प्रकार एकत्र करू नका. छोट्या गाडीत सगळं मिळून साधारण चार ते पाच लिटर बसतं. जेवढं काढलं तेवढं परत गेलं नाही, तर उरलेल्या जागेत हवाच आहे.

पोर्चच्या उतारावर गाडीचं तोंड वर करून लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा. हेतू एवढाच की रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच राहावं. हीटर पूर्ण गरमवर. कुठे हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. कॅप उघडी ठेवून इंजिन थंड असतानाच सुरू करा आणि हळूहळू भरत जा. वरचा पाइप मधूनमधून दाबा, गुडगुड करत बुडबुडे येतील. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा पातळी एकाएकी खाली जाते. तो क्षण बघण्यासारखा असतो. तेवढं भरून कॅप लावा आणि पंखा दोनदा सुरू होऊन थांबेपर्यंत गाडी चालू ठेवा. हीटरमधून सलग गरम हवा येत असेल तर हवा बहुतेक निघाली. मध्येच गार झुळूक येत असेल, किंवा डॅशबोर्डमागे पाणी वाहिल्यासारखा आवाज येत असेल, तर अजून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, पुन्हा उघडून बघा. थोडं कमी झालेलं दिसतंच. बाटली लो आणि फुल यांच्या मध्ये ठेवा.

काढलेलं कूलंट नालीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. ते गोडसर लागतं, कुत्री चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर नाव लिहून गॅरेजला द्या, नाहीतर कचरागाडीवाल्याला काय आहे ते सांगून घातक कचऱ्याच्या कप्प्याबद्दल विचारा.

यानंतरही पाणी कमी होत असेल

बाहेर कुठे गळत नाही, पण दर आठवड्याला बाटली उतरते? डाव्या बाजूच्या पायाखालचं कार्पेट उचलून बघा. हीटरचा कोअर गळत असेल तर तिथे ओल आणि काचेवर चिकट धुकं असतं. वॉटर पंपाच्या पोटात एक बारीक भोक असतं. तिथून खाली वाळलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं. पट्टा काढून पुली हलवून बघा, डुगडुगायला नको.

यांतलं काही नसेल, आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा टणक होत असेल, उघड्या रेडिएटरमधून थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच सलग बुडबुडे येत असतील, किंवा इंजिन गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबत नसेल, तर काम हेड गॅस्केटचं आहे. हे घरचं नाही. गॅरेजमध्ये नेलीत तरी लगेच हेड खोलायला होकार देऊ नका. आधी हातपंपाने कूलिंगची प्रेशर टेस्ट आणि रेडिएटरच्या तोंडाशी गॅसची टेस्ट करून मागा. त्यातलं निळं द्रावण पिवळं पडलं तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय हे नक्की. हेड उघडलंच, तर फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवण्यापूर्वी ते खरंच वाकलंय का हे सरळ स्टीलची पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून तुमच्यासमोर मोजायला सांगा.